ईशान्येचा खड्डा

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातल्या त्या खड्ड्याची धुमाळांच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी धाकट्या उत्कर्षच्या लग्नाचीही झाली नव्हती. आणि खड्डा म्हणायचा तरी केवढा? परातीएवढा. राजहंस मॅरेज गार्डनच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला, पार्किंगच्या ईशान्य कोपऱ्यात. तीन वर्षांपूर्वी दौलतसिंह धुमाळांनी तिथं दीडदोनशे मोटारी उभ्या राहतील एवढं डांबरीकरण करून दिलं होतं. बाकी सगळं मैदान अजून तुळतुळीत होतं आणि एवढ्याच एका जागी दर पावसाळ्यानंतर भुई बसायची. दोनदा उकरून भरला, दोन्ही वेळा पुन्हा बसला. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत.

तिसऱ्यांदा गार्डनचे मालक गुप्ताजी स्वतः दाल बाजारच्या ऑफिसात आले. चहा घेतला, पान नाकारलं. पान नाकारलं तेव्हाच दौलतसिंहांनी ओळखायला हवं होतं.

"दौलतसिंहजी, सहालग सिर पर है," लग्नसराईचा हवाला देत ते म्हणाले. "इस बार ठीक कर दीजिए. फिर बैठ गया तो बुरा मत मानिएगा, हम दूसरी पार्टी देख लेंगे."

दूसरी पार्टी! धुमाळांच्या चार पिढ्या ग्वाल्हेरात रस्ते करत आल्या. पणजोबा फौजेत होते, तोफा ओढायच्या वाटेवर गिट्टी पसरवून घ्यायचे. त्या घराला कुणी असं बोललं नव्हतं. दुपारी जेवताना दौलतसिंहांनी आमटीची वाटी बाजूला सारली आणि थोरल्या मुलाकडं न बघताच निकाल दिला.

"रविवारी सगळ्यांसमोर तो खड्डा फोडायचा. माल खराब निघाला, तर सूर्याजी, सोमवारपासून तू साइटवर पाऊल टाकायचं नाही. ऑफिसात बसायचं. काम उत्कर्ष बघेल."

सूर्याजी शेहेचाळीस वर्षांचा. त्यातली चोवीस त्यानं डांबराच्या वाफेत काढलेली. रोलरचा आवाज बदलला की पाठमोरा उभा असताना त्याला कळायचं, कुठं पोकळ आहे. त्याला ऑफिसात बसवायचं म्हणजे बैलाला देवळात बांधायचं. पण तो एवढंच म्हणाला, "जी, आबासाहेब." जन्मभर तो एवढंच म्हणत आला होता.

* * *

रविवारी सकाळी दहाला सगळं घर दोन गाड्या भरून राजहंसमध्ये हजर झालं. दौलतसिंहांच्या पत्नी विजयाबाईंनी फोल्डिंगची खुर्ची, चिवड्याचा डबा आणि एक मोठी कापडी पिशवी आणली होती. खड्डा बघायला जाताना कुणी चिवडा नेतं का, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. डांबराचा गरम माल प्लांटवरून साडेबाराला निघणार होता आणि एकदा डंपर निघाला की तो थांबत नाही. माल गार झाला की फेकायच्या लायकीचा उरतो. म्हणजे जे काय शोधायचं ते अडीच तासांत.

गरिमा खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली होती. उत्कर्षशी लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली होती. तिच्या वडिलांचं देवासला मोटारींचं गॅरेज होतं. तिथं गाडी आली की वडील आधी तासभर प्रश्न विचारायचे आणि मगच पान्याला हात लावायचे. इथं सासरी उलटी तऱ्हा. इथं थोरल्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं. पहिले सहा महिने ती गप्प राहिली. मग तिनं ऑफिसातली तक्रारींची वही वाचायला काढली, कारण वहीला राग येत नाही.

"डीजल आहे हे," उत्कर्ष हात झटकत म्हणाला. "जनरेटरचं डीजल गळतं, डांबर विरघळतं, खेल खतम."

"जनरेटर दक्षिणेच्या भिंतीला आहे," गरिमा म्हणाली. "डिझेल चढावर कसं येईल?"

"नीम की जड़ होगी," गुप्ताजींनी कोपऱ्यावरच्या झाडाकडं बोट दाखवलं.

"पण अंकल, जड़ तो ज़मीन को ऊपर उठाती है. हे तर खाली बसलंय."

"नजर लागलीय, दुसरं काय," खुर्चीतून विजयाबाई म्हणाल्या. "मैदान बघून लोकांचे डोळे फिरले असतील. मी तेव्हाच म्हटलं होतं, एक लिंबू बांधा."

"आईसाहेब, नजर दर वर्षी एकाच जागी कशी लागेल?"

विजयाबाईंनी सुनेकडं पाहिलं आणि चिवड्याचा डबा उघडला. उत्तर सापडलं नाही की त्या खायला द्यायच्या.

गरिमाला मात्र आता राहवेना. खरं सांगायचं तर तीन रात्री तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तिनं टेपनं खोली मोजली, वहीत बघितलं, पुन्हा मोजली. पहिल्या वर्षी चार बोटं बसलं होतं. दुसऱ्या वर्षी चार बोटं. आणि या वर्षी फक्त दोन! काम तेच, माणसं तीच, फाटकातून आत वळणारे टँकर आणि तंबूवाल्यांचे ट्रकही तेच. मग या वेळी अर्धंच का?

तिनं उत्कर्षला बाजूला ओढलं. "आणखी एक सांगू? वहीत खड्डा पडल्याच्या सतरा तक्रारी आहेत. वेगवेगळ्या साइट. कुठं बंगल्याचा रस्ता, कुठं शाळेचं आवार. त्यातल्या अकरा ईशान्येच्या कोपऱ्यातल्या आहेत. बहुतेक ठिकाणी नुसता खळगा, लोकांनी मनावर घेतलं नाही. पण ईशान्यच का?"

"गरिमा, प्लीज," उत्कर्ष दबक्या आवाजात म्हणाला. "दादाचा माल खराब निघाला तर साइट आपल्याला मिळेल. तू किसकी तरफ़ से है, यार?"

"मी खड्ड्याच्या बाजूनं आहे."

उत्कर्षला राग आला आणि हसूही आलं. साइट त्याला हवी होती, हे खरंच. बत्तीस वर्षांचा झाला तरी त्याच्या हातात फक्त बिलं आणि फोन. पण ती अशी मिळावी, सगळ्यांसमोर दादाचं नाक कापून, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. तो दादाकडं बघायचं टाळत राहिला.

* * *

सूर्याजी पहार हातात घेऊन उभा होता आणि त्याला या सगळ्याचं उत्तर ठाऊक होतं.

धुमाळांच्या घरात त्याला भुईचा घास म्हणतात. भुईचं तोंड डांबरानं कायमचं बंद करायचं, तर त्याआधी तिला जेवू घालायचं. मातीचं लहान मडकं, त्यात दहीभात, वर हळदकुंकू आणि एक नारळ. ईशान्येला गिट्टीच्या थराखाली ते ठेवायचं. रांधायचं घरच्या थोरल्या बाईनं आणि पुरायचं कर्त्या पुरुषानं किंवा थोरल्या मुलानं. आणि पुरल्यावर त्याचा उच्चार करायचा नाही. वाढलेलं बोलून दाखवलं की ते भुईला पोचत नाही. उत्कर्ष धाकटा, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. सुनांना तर नाहीच.

पणजोबांच्या काळात वरून बैलगाड्या जायच्या. मडकं जागच्या जागी राहत असेल. राजहंसमध्ये ईशान्य आली नेमकी फाटकाच्या वळणावर. पाण्याचा भरलेला टँकर तिथं वळला की खाली काय उरणार? मडकं फुटतं, भात कुजतो, पोकळी राहते, पावसाचं पाणी तिच्यात शिरतं आणि वरचं डांबर खाली येतं. पहिल्यांदा उकरलं तेव्हाच खापऱ्या सूर्याजीच्या हाताला लागल्या होत्या. त्याच दिवशी घरी परतताना त्यानं धीर करून सुरुवातही केली होती.

"आबासाहेब, त्या कोपऱ्यात..."

"त्या कोपऱ्यात तू रोलर नीट फिरवला नाहीस," आबासाहेब म्हणाले होते. "आणि नवा घास घातलास ना?"

"जी, आबासाहेब."

संपलं. बोलावं तर घास बाटतो, न बोलावं तर खड्डा पडतो. आणि दर वेळी खड्डा भरताना, पुन्हा पडू नये म्हणून, आईसाहेब नवं मडकं द्यायच्या! आपणच खड्डा पेरतोय आणि आपणच शिव्या खातोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. कधी कधी त्याला इतका संताप यायचा की डांबराच्या पिंपाला लाथ मारावीशी वाटायची.

"काय बघतोस? घाल पहार," दौलतसिंह ओरडले.

त्यानं पहार घातली. आधी चौकोन कापून घेतला, मग वरचा थर उचकटला. दौलतसिंहांनी एक तुकडा उचलला, दोन बोटांत चुरायचा प्रयत्न केला, नाकाशी नेला, उन्हात धरला. बहात्तराव्या वर्षीही त्यांना वासावरून डांबर किती शिजलंय ते सांगता यायचं.

"माल चांगला आहे," ते नाइलाजानं म्हणाले. "एकदम चोख."

उत्कर्षनं श्वास सोडला. तो सुटकेचा होता की निराशेचा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. खालच्या गिट्टीवर पहारीचा पुढचा घाव बसला आणि पहार भसकन कोपरभर आत गेली.

"पोकळ आहे!" गरिमा ओरडली आणि कुणी थांबवायच्या आत साडीचा पदर खोचून गुडघ्यावर बसली. हात घातला. आधी खापऱ्या निघाल्या, जुन्या, काळ्या पडलेल्या. मग वेगळ्या रंगाच्या खापऱ्या. मग नारळाची कुजकी करवंटी. आणि शेवटी हळदकुंकवाचे डाग असलेलं एक अख्खं मडकं, चांगलं जड. तिनं ते दोन्ही हातांनी उचलून उन्हात ठेवलं. आत काठोकाठ दगडाची चुरी ठासून भरली होती.

विजयाबाई खुर्चीतून उठल्या. गुप्ताजींचा चेहरा पांढरा पडला.

"ये तो टोना है! हळदी, नारियल, मटकी! किसी ने हमारे गार्डन पर टोना कर दिया! दौलतसिंहजी, लोगों को पता चला तो यहाँ कोई बारात नहीं उतरेगी." त्यांनी खिशातून फोन काढला. "ये उस सामनेवाले गार्डन का काम है. मैं अभी बुलाता हूँ उसको!"

"थांबा, अंकल," गरिमा म्हणाली. ती मडक्याकडं बघत होती. चुरी धुमाळांच्याच खडी क्रशरवरची होती, निळसर. मग तिनं सासऱ्यांकडं बघितलं आणि या घरात आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं.

"आबासाहेब, हे आपण ठेवलंय का?"

* * *

दौलतसिंहांना पहिल्यांदा राग आला, तो प्रश्नाचा. नंतर त्यांच्या लक्षात आलं की रागावून उत्तर टळणार नाही. खड्ड्याची कारणं शोधताना त्यांनी डिझेल धरलं होतं, मुळं धरली होती, मजुरांचा आळस धरला होता, पोटच्या पोराला धरलं होतं. घास त्यांच्या डोक्यातही आला नाही. देवघरातल्या समईनं आग लावली असं कुणाच्या मनात येतं का?

त्यांनी खापऱ्या बघितल्या. काळ्या होत्या त्या त्यांच्या स्वतःच्या हातच्या. तीन वर्षांपूर्वी पहाटे अंघोळ करून, ओल्या धोतरानं ठेवलेल्या.

"मी ठेवलं," सूर्याजी एकदम पुढं होऊन म्हणाला. "गुप्ताजी, मैंने रखा था. टोना नहीं है, हमारे यहाँ की पूजा है. ग़लती मेरी है. सोमवारपासून मी ऑफिसात बसतो, आबासाहेब. उत्कर्षला द्या काम."

उत्कर्ष म्हणाला, "दादा, पागल झालायस का?" आणि त्याचा आवाज फाटला.

दौलतसिंहांना कळलं की गप्प राहिलं तरी चालणार आहे. नियमही तोच सांगतो, उच्चार करायचा नाही. पोरगा आळ घेतोय, गिऱ्हाईक ऐकतंय, घराण्याची रीत शाबूत राहतेय. गप्प राहण्यासारखं सोपं काही नव्हतं. आणि तेच त्यांना सहन होईना.

"खोटं बोलतोय," ते म्हणाले. "पहिला घास माझा आहे. उरलेले दोन माझ्या हुकमावरून. गुप्ताजी, गड्ढा मेरी वजह से है. लड़के का काम चोख है, मेरा नहीं था."

विजयाबाईंनी तोंडावर पदर धरला. बोलून दाखवलं! बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच असं काही ऐकलं होतं. वीज पडली नाही की भुई दुभंगली नाही. नीमवर एक खार चिरकली, तेवढीच.

"पण एक कळेना," दौलतसिंह खाली वाकले आणि चुरीनं भरलेल्या मडक्यावर बोट आपटलं. "हा काय प्रकार? यात दहीभात होता. तो कुठं गेला?"

सूर्याजी पायांकडं बघू लागला. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, पण चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा.

"मी खाल्ला."

"काय?"

"मी खाल्ला, आबासाहेब. पुरला असता तर पुन्हा खड्डा पडला असता. मडकं रिकामं ठेवता येईना, म्हणून चुरी ठासून भरली. नारळ मात्र काढायची हिंमत झाली नाही. तो कुजला, म्हणून दोन बोटं बसलं."

"म्हणून या वेळी अर्धंच!" गरिमा टाळी वाजवायच्या बेतात होती. तिनं हात कसेबसे आवरले.

विजयाबाई आधी हसल्या. हसता हसता त्यांना रडू आलं आणि मग दोन्ही एकदम चालू राहिलं. "मेल्या, मीठ बरोबर होतं का रे?" त्यांनी विचारलं.

"जरा कमी होतं, आईसाहेब."

"नैवेद्याला मी चाखून बघते का कधी!"

दौलतसिंह हसले नाहीत. ते मडक्याशेजारी मांडी घालून बसले, भर पार्किंगमध्ये, पांढऱ्या पायजम्यानं. "म्हणजे तुला दोन वर्षं ठाऊक होतं."

"जी."

"मी तुला सगळ्यांसमोर नालायक म्हणालो. दिवाळीला, घरी आलेल्या दिनकररावांच्या देखत. तेव्हाही ठाऊक होतं."

"जी, आबासाहेब."

"मग बोलला का नाहीस?"

सूर्याजीनं पहार खाली ठेवली. "तुम्ही विचारलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही मला कधी काही विचारलंच नाही. सांगितलंत फक्त."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दौलतसिंहांनी आठवून बघितलं. शाळा कोणती, बायको कोणती, धंदा कोणता, रोलर कधी फिरवायचा, सगळं सांगितलं होतं. एकही वाक्य प्रश्नाचं आठवेना. त्यांना घाम फुटला आणि उन्हाचं निमित्त करून त्यांनी तो पुसला.

गुप्ताजी आता शांत झाले होते. भिंतीला टेकून चिवडा खात ते म्हणाले, "भाईसाहब, हमारे यहाँ भी नींव में चाँदी का साँप डालते हैं. मगर वो सड़ता नहीं." उत्कर्ष खो खो हसला आणि त्याच्यामागं सगळेच.

विजयाबाईंनी कापडी पिशवी उघडली आणि आतून नवं कोरं मडकं काढलं. चौथा घास. वर झाकण, झाकणावर कुंकू, सोबत नारळ. "आता याचं काय करू? पहाटे उठून केलाय."

सगळ्यांनी दौलतसिंहांकडं बघितलं. उत्कर्षनं मडकं घेतलं, झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी सूर्याजीपुढं धरलं. "घे दादा. तुला सवय आहे." मग दोघा भावांनी, मजुरांनी आणि संकोचत संकोचत गरिमानंही, द्रोण नव्हते म्हणून चिवड्याच्या डब्याच्या झाकणावर घेऊन, भुईचा घास भुईवर बसून खाल्ला. नारळ विजयाबाईंनी फाटकाबाहेरच्या कण्हेरीखाली स्वतः पुरला. तिथून कुणाची गाडी जात नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी डंपर आला. तोवर सूर्याजीनं पोकळी साफ करून मोठी गिट्टी, मग बारीक, मग चुरी असे थर ठोकून घेतले होते. कडांना पातळ डांबराचा हात दिला होता. उत्कर्ष बाह्या वर करून त्याच्या हाताखाली घमेली उचलत होता. त्याला ते जमत नव्हतं. निम्मी चुरी बुटांत जात होती, पण तो मागं हटत नव्हता. वाफाळता काळा माल खाली पडला आणि त्या वासानं दौलतसिंह उठून उभे राहिले.

त्यांनी पायजमा झटकला. कोपऱ्यात पडलेलं धुम्मस उचललं. रोलर तिथं वळायचा नाही, तिथं हातानंच ठोकावं लागणार होतं. मजूर पुढं धावला, त्याला त्यांनी मानेनंच परत पाठवलं. मग ते पसरलेल्या मालाच्या काठावर येऊन उभे राहिले आणि थांबले.

ठोकताना कडेकडून सुरुवात करायची आणि मधे यायचं, हे त्यांनी ग्वाल्हेरातल्या निम्म्या मजुरांना शिकवलं होतं. सूर्याजीला तर बाविसाव्या वर्षी, मानगुटीला धरून.

"सूर्याजी," त्यांनी हाक मारली. "कडेनं घेऊ, की मधून?"

फावडं थांबलं. गरिमानं वहीतून डोकं वर काढलं. विजयाबाईंनी चिवड्याचा डबा बंद करता करता तसाच धरून ठेवला.

सूर्याजीनं वडिलांकडं बघितलं. ते खरोखरच उत्तराची वाट बघत होते.

"कडेनं, आबासाहेब," तो म्हणाला. "आणि जरा झपझप घ्या. माल गार होतोय."